टेकडीवर बांधायचे असेल, तर आधी लेखी नकार मागा

पुण्यात बाणेर, पाषाण, बावधन किंवा कात्रजच्या बाजूला ज्यांची वडिलोपार्जित जमीन टेकडीवर आहे, किंवा ज्यांनी तिथे दोन-चार गुंठे घेऊन ठेवले आहेत, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : महापालिकेची परवानगी कशी काढायची? प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो उलट्या टोकाने सुरू होतो. हरित म्हणून राखलेल्या जमिनीवर परवानगी नाकारली जाणे हे मालकावरचे सर्वांत मोठे संकट आहे, असे आपण धरून चालतो. माझे मत वेगळे आहे. जी मिळायलाच नको होती ती परवानगी हाती पडणे हे त्याहून मोठे संकट आहे. नकार वेळेत, लेखी आणि कारणांसह मिळाला तर कायद्याने पुढच्या दोन-तीन वाटा मोकळ्या होतात. चुकीच्या परवानगीत मात्र आधी पैसे अडकतात, मग उमेदीची वर्षे जातात आणि शेवटी बांधकामही जाते. म्हणून या लेखात परवानगी ‘काढण्याच्या’ युक्त्या सापडणार नाहीत. आपल्या जमिनीला नेमका कोणता हक्क आहे हे कसे शोधायचे, आणि हक्क नसेल तर मोबदला कसा मागायचा, एवढेच सांगायचे आहे.

ही भीती घालण्याची गोष्ट नाही. कोंढवा बुद्रुकमधली ११.८९ हेक्टर जमीन १८७९ मध्ये राखीव वन म्हणून जाहीर झाली होती. १९९८ मध्ये ती शेतीसाठी म्हणून खासगी हातात दिली गेली, पुढे एका गृहनिर्माण संस्थेकडे गेली, निवासी वापराची परवानगी झाली आणि २००७ मध्ये केंद्राची पर्यावरण मंजुरीही मिळाली. कागदांची ती थप्पी पाहून कोणीही म्हणाले असते की प्रकरण पक्के आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ वाटपच बेकायदा ठरवले आणि जमीन वन विभागाच्या ताब्यात द्यायला सांगितली. अशाच आणखी किती वनजमिनी खासगी हातांत गेल्या आहेत हे तपासण्यासाठी सर्व राज्यांना पथके नेमण्याचाही आदेश दिला. ही काही एकुलती एक घटना नाही. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय थेट मुख्यमंत्र्यांच्या पातळीवर झाला होता. १९९१ मध्ये न्यायालयाने तो टिकू दिला नाही. लखनौच्या झंडेवाला पार्कखाली महापालिकेच्याच करारावर उभा राहत असलेला भूमिगत बाजार पाडून उद्यान पूर्ववत करा, असे १९९९ मध्ये सांगितले गेले. नोएडातले जुळे मनोरे ऑगस्ट २०२२ मध्ये जमीनदोस्त झाले, तेव्हा मूळ मंजूर नकाशात त्या जागी बाग दाखवलेली होती हा वादाचा एक मुख्य मुद्दा होता. या सगळ्या ठिकाणी सही-शिक्क्यांची वाण नव्हती. विकास आराखडा किंवा वनाची अधिसूचना ही साऱ्या शहराशी केलेली बांधिलकी असते, आणि कोणा एका अधिकाऱ्याची सही तिच्या वर जाऊ शकत नाही, एवढाच या निकालांचा अर्थ.

आता पुण्याकडे येऊ. इथल्या टेकड्यांना दोन वेगवेगळी कुंपणे आहेत आणि त्यांची गल्लत करूनच बरेच व्यवहार होतात. पहिले कुंपण जुन्या हद्दीतले, १९८७ च्या विकास आराखड्यातले ‘हिलटॉप-हिलस्लोप’, म्हणजे डोंगरमाथा आणि डोंगरउतार विभागाचे. तिथे क्षेत्राच्या ४ टक्के एवढेच बांधकाम करण्याची मुभा ठेवलेली आहे. दुसरे कुंपण ‘बीडीपी’चे, म्हणजे जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाचे. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांपैकी जी २३ हद्दीत राहिली, त्यांच्या आराखड्यात सुमारे ९७८ हेक्टर टेकड्या या आरक्षणाखाली आल्या. त्यावर वर्षानुवर्षे वाद झाला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये राज्य सरकारने आरक्षण कायम केले : बांधकाम शून्य आणि मालकाला मोबदला म्हणून क्षेत्राच्या ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा हस्तांतरणीय विकास हक्क. दलाल पहिल्या कुंपणाचा नियम दुसऱ्या कुंपणातल्या जमिनीला लावून दाखवतो. “चार टक्के तर मिळतातच हो,” हे वाक्य बीडीपीतल्या जमिनीबद्दल ऐकलेत, तर बोलणे तिथेच थांबवा.

आणि ४ टक्के म्हणजे तरी किती? एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्याचे ४ टक्के काढले तर साडेत्रेचाळीस चौरस फूट होतात. सात फूट लांब आणि सव्वासहा फूट रुंद खोली! तीत एक पलंग टाकला की दार उघडायला जागा उरत नाही. पूर्ण एकर असला तरी १,७४२ चौरस फूटच मिळतात. ही मुभा टेकडीवर मोठा एकसलग तुकडा राखून असलेल्या मालकासाठी आहे, गुंठ्यागुंठ्याने जमीन घेणाऱ्यासाठी नाही, हे आकडेच सांगतात. शिवाय गुंठ्यांच्या व्यवहारात बहुधा खरेदीदाराचे नाव सातबाऱ्यावर इतर वीस-पंचवीस नावांच्या रांगेत सामाईकात चढलेले असते. कोणाचा तुकडा कुठला, हे फक्त चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषांवर आणि विकणाऱ्याने हाती दिलेल्या झेरॉक्सवर असते. अशा जागेवर बांधकाम परवानगीचा अर्ज करायचा तर सगळ्या सहधारकांच्या सह्या लागतात. त्या मिळाल्या तरी क्षेत्राची मर्यादा हलत नाही. गुंठ्यांनी पाडलेले भूखंड नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा पुढेमागे आपल्याला तारेल, असे मानून टेकडीवर घर बांधणे हा तर निव्वळ जुगार आहे.

पडताळणीचा क्रमही महत्त्वाचा असतो. लोक आधी आर्किटेक्टकडे जातात, नकाशे काढून घेतात, पैसे देतात आणि शेवटी झोन पाहतात. क्रम उलटा ठेवा. सर्वांत आधी जमीन वनाची नाही ना, ते बघा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात वन, खाजगी वन किंवा तत्सम शेरा आहे का ते पाहा. पण आज शेरा नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. जुने फेरफार काढा, गट नंबराच्या आधीचा सर्व्हे नंबर शोधा आणि वन विभागाकडून लेखी अभिप्राय घ्या. गोदावर्मन प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर सरकारी नोंदीत वन म्हणून लागलेली जमीन मालकी कोणाचीही असो, वनच धरली जाते. तिचा वापर बदलायला केंद्राची मंजुरी लागते आणि महापालिका तिथे काहीही देऊ शकत नाही. कोंढव्यात घोडे अडले ते नेमके इथे.

वनाचा प्रश्न सुटला की महापालिकेतून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्या. भूमी अभिलेख खात्याची अधिकृत मोजणी करून तिच्या ‘क’ प्रतीवर आरक्षणाची रेषा बसवून बघा. टेकडीच्या पायथ्याला अनेक गट अर्धे निवासी आणि अर्धे आरक्षित असतात. तिथे रेषा दहा-वीस फूट इकडची तिकडे झाली, तरी लाखोंचा फरक पडतो. खरे काम असते ते या रेषेवरच, आणि चांगल्या मोजणीदाराला दिलेले पैसे इथे वसूल होतात. निवासी भागावर नेहमीच्या नियमांनी अर्ज करता येतो आणि टेकडीचा भाग मोबदल्यासाठी वेगळा ठेवता येतो. दोन्हींचा एकच अर्ज करून टाकण्याचा मोह आवरा. एका भागाच्या हरकतीत दुसराही लटकतो.

यानंतर येतो उतार. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार, म्हणजे यूडीसीपीआरनुसार, १:५ किंवा त्याहून तीव्र उताराच्या जमिनीवर बांधकाम तर नाहीच, पण खोदाई, सपाटीकरण आणि भरावही करता येत नाही. पाच मीटर आडवे गेल्यावर जमीन एक मीटर चढली, की ही मर्यादा लागली. डोळ्यांना हा चढ फार वाटत नाही. सकाळी फिरायला जाणारी माणसे तो बोलत बोलत चढतात. म्हणून समोच्च रेषांचा नकाशा लायसन्सधारक सर्व्हेअरकडून करून घ्या आणि तो जमिनीला हात लावण्यापूर्वीचा असू द्या. आधी जेसीबी लावून माची काढायची आणि मग सपाट जमिनीची मोजणी सादर करायची, हा जुना खेळ आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवर जुन्या उंच्या नोंदलेल्या असतात, उपग्रहाच्या जुन्या छायाचित्रांत मूळ टेकडी दिसते, आणि चुकीची माहिती देऊन मिळवलेली परवानगी रद्द करण्याचा अधिकार महापालिका अधिनियमाच्या कलम २५८ ने आयुक्तांना दिलेला आहे. म्हणजे फोडलेली टेकडी हाच अर्जदाराविरुद्धचा पुरावा ठरतो.

इथे पहिला आक्षेप येतो : या बोडक्या टेकड्यांवर आहे काय? चार बाभळी, गिरिपुष्प आणि वाळलेले गवत. मग एवढे सोवळे कशासाठी? त्याचे उत्तर झाडांच्या मोजदादीत शोधू नये. पुण्याच्या टेकड्या काळ्या कातळाच्या थरांच्या आहेत. वरची मुरमाची पातळ साय आणि गवताची मुळे पावसाचे पाणी थोपवतात, मुरवतात आणि उरलेले सावकाश ओढ्याला देतात. ती साय खरवडली, की तेच पाणी एकदम खाली येते. जून २०१३ मध्ये कात्रज घाटापलीकडे शिंदेवाडीत टेकडी फोडलेल्या ठिकाणाहून पाण्याचा लोंढा थेट सातारा महामार्गावर आला आणि त्यात मायलेकी वाहून गेल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याने शहराच्या दक्षिण भागात जो हाहाकार केला, त्यात टेकड्यांवरच्या आणि ओढ्याकाठच्या बांधकामांचा वाटा किती, यावर तज्ज्ञ भांडोत. पण वरचा उतार काँक्रीटचा झाला की खालच्या वस्तीला पाणी लवकर आणि जास्त पोचते, यावर भांडण नाही. मालकाच्या दृष्टीनेही यात हिशेब आहे : उतारावर उभ्या केलेल्या इमारतीमुळे खाली नुकसान झाले, तर न्यायालयात पहिला उल्लेख तिचाच होणार.

“शेजारी तर सगळे बांधून राहिलेत, मग मीच का थांबायचे?” हा आक्षेप त्याहून जास्त ऐकू येतो आणि त्यामागची चीड खरी आहे. टेकड्यांवर बेकायदा बांधकामे आहेत, त्यांना वीज आणि पाणीही मिळाले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु राज्यघटनेतली समानता कायद्यातल्या हक्काची असते. दुसऱ्याला चुकीने मिळाले तेच मलाही द्या, अशी मागणी न्यायालये ऐकून घेत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा बांधकामांबाबत आणखी कडक भूमिका घेतली आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय बँकांनी कर्जही देऊ नये असे सांगितले. टेकडीवरचे घर यापुढे विकायचे झाले, तर रोख पैसे मोजणारा आणि डोळे झाकणारा, असे दोन्ही गुण असलेला गिऱ्हाईक शोधावा लागेल. शिवाय नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ खाली विनापरवाना बांधकामाला कैदेची शिक्षा आहे. ती क्वचित होते, हा काही सल्ल्याचा आधार होऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप जरा चतुर लोकांचा असतो. अर्ज करून साठ दिवसांत उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते ना? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ मध्ये तशी तरतूद आहे खरी. पण त्याच कलमात अट आहे की प्रस्ताव विकास नियंत्रण नियमांशी तंतोतंत जुळलेला असला पाहिजे. बीडीपीतला बंगल्याचा प्रस्ताव साठ दिवस काय, साठ महिने पडून राहिला, तरी नियमाशी जुळणार नाही. ‘मानीव परवानगी’ घेऊन जोत्यापर्यंत गेलेल्या बांधकामाला नोटीस आली, की मालकाच्या हाती दाखवायला फक्त आवक क्रमांक उरतो. दलालाचे ‘होऊन जाईल’ हे शब्द कुठल्याही अधिनियमात नाहीत. तसेच टेकड्यांच्या धोरणाचा फेरविचार करण्यासाठी २०२५ मध्ये राज्य सरकारने माजी आयुक्त रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हापासून ‘आता खुले होणार’ या आशेवर व्यवहार वाढवणारेही आहेत. समितीची शिफारस म्हणजे नियम नव्हे. आराखड्यातला बदल कलम ३७ ने, हरकती-सूचना मागवून आणि शासनाच्या मंजुरीनेच होतो. ज्या दिवशी अर्ज कराल, त्या दिवशी लागू असलेला नियम नगररचना विभागाकडून लेखी तपासून घ्या.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे आणि त्याला उडवून लावणे अन्यायाचे होईल. टेकडी शहराला हवी, हवा शहराला हवी, मग किंमत एकट्या मालकाने का मोजायची? शहरातल्या विरळ वस्तीच्या भागातली आरक्षित जागा रस्ता किंवा शाळेसाठी दिली, तर साधारणपणे क्षेत्राच्या दुप्पट टीडीआर मिळतो. बीडीपीत मिळतो ८ टक्के. एक एकर टेकडी महापालिकेला द्यायची आणि त्या बदल्यात सुमारे ३,४८५ चौरस फुटांचा विकास हक्क घ्यायचा. दोन मोबदल्यांत पंचवीस पटींचा फरक! टेकडीची बाजारभावाने किंमत कमी असते हे मान्य केले, तरी हा फरक समर्थनीय वाटत नाही. टेकड्या वाचवा म्हणणाऱ्यांनी मालकाच्या मोबदल्यासाठीही तेवढ्याच जोराने बोलायला हवे होते. मात्र मोबदला तुटपुंजा आहे, यावरून बांधकामाचा हक्क निर्माण होत नाही. लढाई मोबदल्याची असेल, तर ती मोबदल्याच्या कलमांखाली लढावी. आणि त्यासाठी लागतो तो लेखी नकार.

तो मिळवण्याची रीत अशी. लायसन्सधारक आर्किटेक्टमार्फत कलम ४४ खाली रीतसर, खरी माहिती देणारा अर्ज करा; त्यासोबत झोन दाखला, मोजणी, उताराचा नकाशा आणि मालकीचे कागद जोडा. प्रस्ताव छोटा आणि प्रामाणिक ठेवा. जागेवर झाडे असतील तर त्यांची यादी खरी द्या, कारण १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांच्या पुढचे झाड वारसा वृक्ष ठरते आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. वृक्ष प्राधिकरण परवानगीपूर्वी हरकतीही मागवते. उत्तर तोंडी घेऊ नका. “साहेब नाही म्हणाले” या वाक्याला कायद्यात किंमत शून्य आहे. नकाराचे पत्र आले की त्यातले कारण शब्दशः वाचा : वन, आरक्षण, झोन, उतार, की केवळ कागदपत्रांची त्रुटी? त्रुटी असेल तर ती भरून पुन्हा अर्ज करा. कारण चुकीचे वाटत असेल, उदाहरणार्थ तुमचा निवासी भाग रेषेच्या चुकीने टेकडीत धरला असेल, तर कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येते. त्याची मुदत चाळीस दिवसांची आहे आणि ती पत्र हाती आल्यापासून धावू लागते. पाकिटावरची तारीख जपून ठेवा.

कारण बरोबर असेल, म्हणजे जमीन खरोखरच आरक्षित असेल, तर दोन वाटा उरतात. कलम ४९ खाली, परवानगी नाकारल्यामुळे जमीन वाजवी उपयोगाची राहिली नाही असे दाखवून ती विकत घ्या, अशी खरेदी नोटीस राज्य शासनाला देता येते. नोटीस कायम झाली आणि त्यानंतर वर्षभरात संपादनासाठी पाऊल उचलले गेले नाही, तर आरक्षण व्यपगत होते. दुसरी वाट कलम १२७ ची : आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादन किंवा त्याची ठोस सुरुवात झाली नाही, तर आरक्षण संपते. बीडीपीला २०२५ मध्ये दहा वर्षे होऊन गेली असल्याने या कलमाची चर्चा आता वाढणार आणि तिच्यासोबत गैरसमजही. आरक्षण संपल्यावर जमीन मोकळी होते ती लगतच्या जमिनीला जे चालते तेवढ्यापुरतीच, असे कलमातच लिहिले आहे. आणि टेकडीवर लगतची जमीनही बहुधा टेकडीच असते. १:५ चा उताराचा नियम आरक्षणाबरोबर संपत नाही. त्यामुळे या नोटिशीचा खरा उपयोग महापालिकेला मोबदल्याच्या बोलणीला बसवण्यासाठी आहे. मग तो टीडीआर असो, कलम १२६ खालचा करार असो, की रोख भरपाईचे भूसंपादन. इमारतीची स्वप्ने तिच्यावर बांधू नयेत.

ही नोटीस एकट्या-दुकट्याने देण्यापेक्षा एका गटातल्या सर्व सहधारकांनी मिळून, नगररचनेत मुरलेल्या वकिलाकडून द्यावी. त्याआधी वारसनोंदी पूर्ण करा. आजोबांच्या नावावरचा सातबारा, तीन काका, त्यांतले एक परदेशी, आणि बहिणींची हक्कसोडपत्रे कधीच न झालेली, अशी स्थिती टेकडीवरच्या कित्येक गटांत आहे. नोटिशीसोबत मालकी दाखवणारे कागद जोडणे कायद्याने आवश्यक असल्यामुळे ते अपुरे असतील तर चोवीस महिने सुरूच झाले नाहीत, असे उत्तर दोन वर्षांनी येऊ शकते. तलाठी कार्यालयातले हे काम महापालिकेतल्या कुठल्याही खेट्यापेक्षा आधी उरकावे.